मॉर्मन धर्मविचारातील तारणाची खात्री

मृत्यूनंतर आपल्याला सार्वकालिक जीवन लाभणार आहे, हे माणसाला याच जन्मात निश्चितपणे कळू शकते काय, आणि कळत असल्यास कोणत्या मार्गाने कळते, या प्रश्नाला अंत्यदिन संतांच्या परंपरेने दिलेले उत्तर म्हणजे मॉर्मन धर्मविचारातील तारणाच्या खात्रीचा सिद्धांत होय. जोसेफ स्मिथ (१८०५–१८४४) यांनी ६ एप्रिल १८३० रोजी अमेरिकेतील न्यू यॉर्क राज्यात या धर्मपंथाची स्थापना केली. या पंथाच्या शिकवणुकीनुसार तारण आणि परमोन्नती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्यामुळे खात्रीचा प्रश्नही येथे दुहेरी ठरतो. पहिल्या अर्थाचे तारण जवळजवळ सर्व मानवजातीला मिळते, तर परमोन्नती ही श्रद्धा, विधी आणि अखेरपर्यंत टिकलेली निष्ठा यांवर अवलंबून असते. असे असले तरी, क्वचित एखाद्या व्यक्तीला परमोन्नतीची हमीही जिवंतपणी मिळू शकते, असे ही परंपरा मानते.

संज्ञा

या परंपरेतील सर्वांत मोठी संस्था ‘येशू ख्रिस्ताचे अंत्यदिन संत चर्च’ ही असून तिचे मुख्यालय यूटा राज्यातील सॉल्ट लेक सिटी येथे आहे. संस्थेच्या स्वतःच्या गणनेनुसार तिची सदस्यसंख्या १ कोटी ७० लाखांहून अधिक आहे. ‘मॉर्मन’ हे नाव ‘मॉर्मनचे पुस्तक’ या तिच्या धर्मग्रंथावरून रूढ झाले. अध्यक्ष रसेल नेल्सन यांनी २०१८ मध्ये या नावाऐवजी संस्थेचे पूर्ण नाव वापरण्याचे आवाहन केले. अभ्यासविषय म्हणून ‘मॉर्मन’ हा शब्द अजूनही प्रचारात असल्याने या लेखात तो वापरला आहे.

बायबल, मॉर्मनचे पुस्तक, ‘सिद्धांत आणि करार’ आणि ‘अमोल मोती’ हे चार ग्रंथ या चर्चमध्ये प्रमाण मानले जातात. त्यांपैकी ‘सिद्धांत आणि करार’ हा मुख्यतः जोसेफ स्मिथ यांना झालेल्या प्रकटीकरणांचा संग्रह असून प्रस्तुत विषयाचा बराचसा आधार त्यातच सापडतो.

मराठी वाचकाच्या मनात ‘तारण’ या शब्दाबरोबर ‘मोक्ष’ ही कल्पना येणे स्वाभाविक आहे; परंतु दोहोंत मूलभूत अंतर आहे. मॉर्मन विचारात जन्ममरणाचा फेरा नाही आणि जिवाचे परमतत्त्वात विलीन होणेही नाही. माणसाचा आत्मा पृथ्वीवर येण्यापूर्वी देवाजवळ होता, तो एकदाच देह धारण करतो आणि पुनरुत्थानानंतर देहासह अनंतकाळ स्वतंत्र व्यक्ती म्हणून राहतो, असे मानले जाते. पतिपत्नी व मुले ही नातीही त्या अवस्थेत टिकू शकतात. किंबहुना ती टिकणे हाच परमोन्नतीचा गाभा होय.

तारण आणि परमोन्नती

मॉर्मन विचारात तारण या शब्दाचे अनेक अर्थ होतात. १९९८ च्या एप्रिल महिन्यातील सर्वसाधारण परिषदेत प्रेषित डॅलिन ओक्स यांनी ‘तुमचे तारण झाले आहे काय?’ या प्रश्नाचा परामर्श घेताना त्या शब्दाचे वेगवेगळे अर्थ उलगडून दाखविले होते. त्यांपैकी दोन विशेष महत्त्वाचे आहेत.

पहिला अर्थ मृत्यूपासून सुटका असा आहे. येशू ख्रिस्ताच्या पुनरुत्थानामुळे प्रत्येक माणूस, मग तो सज्जन असो वा दुर्जन, पुन्हा सदेह उठविला जाईल. या तारणासाठी कोणतीही अट नाही. म्हणून त्याबाबत अनिश्चितताही नाही.

दुसरा अर्थ देवाच्या सान्निध्यात, त्याच्यासारखे जीवन प्राप्त होणे असा आहे. यालाच सार्वकालिक जीवन किंवा परमोन्नती म्हणतात. ‘अमोल मोती’ या ग्रंथात अमरत्व आणि सार्वकालिक जीवन असे दोन शब्द शेजारी शेजारी येतात. मॉर्मन भाष्यकार अमरत्व म्हणजे सर्वांना मिळणारे पुनरुत्थान आणि सार्वकालिक जीवन म्हणजे परमोन्नती असा त्यांचा अर्थ लावतात. परमोन्नती पावलेली माणसे देवाच्या गुणांचे व सामर्थ्याचे भागीदार होतात, ही शिकवण जोसेफ स्मिथ यांनी ७ एप्रिल १८४४ रोजी नॉव्हू येथे दिलेल्या, किंग फॉलेट प्रवचन म्हणून प्रसिद्ध असलेल्या भाषणात ठळकपणे मांडली.

तीन तेजोलोक

पारंपरिक ख्रिस्ती विचारात मरणोत्तर स्वर्ग आणि नरक असे दोनच पर्याय दिसतात. १६ फेब्रुवारी १८३२ रोजी ओहायो राज्यातील हायरम या गावी जोसेफ स्मिथ आणि सिडनी रिग्डन यांनी आपल्याला एक दर्शन झाल्याचे सांगितले. ‘सिद्धांत आणि करार’ या ग्रंथाच्या ७६ व्या प्रकरणात ते नोंदविलेले आहे. त्यानुसार पुनरुत्थानानंतर तीन लोक आहेत. करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या १५ व्या अध्यायात पौलाने सूर्य, चंद्र आणि तारे यांच्या निरनिराळ्या तेजांचा जो दृष्टांत दिला आहे, त्याच्याशी या लोकांची सांगड घातली जाते.

सेलेस्टियल लोक सूर्यासारखा तेजस्वी असून तेथे देवपित्याचे सान्निध्य लाभते. टेरेस्ट्रियल लोक चंद्रासारखा असून, सद्वर्तनी असूनही येशूविषयीच्या साक्षीत खंबीर न राहिलेल्या लोकांसाठी आहे. टेलेस्टियल लोक ताऱ्यांसारखा आहे. पश्चात्ताप न केलेल्या पापी माणसांना शिक्षेचा काळ संपल्यावर तेथे स्थान मिळते. या तिन्ही लोकांच्या बाहेर, बाह्य अंधारात, जाणारे लोक फारच थोडे असतात. पवित्र आत्म्याचे पूर्ण ज्ञान झाल्यावर जाणूनबुजून त्याचा नकार करणारे असे त्यांचे वर्णन येते.

सेलेस्टियल लोकातही तीन पायऱ्या आहेत. सर्वोच्च पायरीवर जाण्यासाठी मंदिरात झालेला सार्वकालिक विवाह आवश्यक आहे, असे ‘सिद्धांत आणि करार’ १३१ मध्ये सांगितले आहे. परमोन्नती या शब्दाचा काटेकोर अर्थ ही सर्वोच्च पायरी असा होतो. त्यामुळे मॉर्मन श्रद्धाळूची चिंता सहसा नरकाची नसते. आपण आपल्या कुटुंबासह सर्वोच्च पायरीपर्यंत पोहोचू की नाही, ही ती चिंता असते.

आवश्यक अटी

परमोन्नतीचा मार्ग येशू ख्रिस्तावरील श्रद्धा, पश्चात्ताप, बुडवून दिलेला बाप्तिस्मा आणि हात ठेवून दिलेले पवित्र आत्म्याचे दान यांपासून सुरू होतो. त्यापुढे मंदिरातील विधी येतात. त्यांत प्रदानविधी आणि पतिपत्नींना अनंतकाळासाठी जोडणारा मोहरबंधनाचा विधी हे प्रमुख होत. मंदिरात प्रवेश मिळण्यासाठी सदस्याला स्थानिक अधिकाऱ्यांना दोन टप्प्यांत मुलाखत द्यावी लागते. तीत श्रद्धा, दशांशदान, लैंगिक शुचिता, तसेच मद्य, तंबाखू, चहा व कॉफी वर्ज्य करणारा आरोग्यनियम यांविषयी विचारणा होते.

ज्यांना हयातीत हे विधी लाभले नाहीत त्यांच्यासाठी जिवंत सदस्य प्रतिनिधी म्हणून ते विधी करतात. मृतांच्या वतीने बाप्तिस्मा घेण्याची प्रथा १८४० मध्ये सुरू झाली. वंशावळीच्या नोंदी गोळा करण्याचे या चर्चचे प्रचंड कार्य याच श्रद्धेतून वाढले. मृत व्यक्तीला तो विधी स्वीकारण्याचे वा नाकारण्याचे स्वातंत्र्य असते, असेही सांगितले जाते. जबाबदारीचे वय आठ वर्षे मानलेले असल्याने त्यापूर्वी मृत्यू पावलेल्या सर्व बालकांना सेलेस्टियल लोक मिळतो. हे आश्वासन जोसेफ स्मिथ यांच्या २१ जानेवारी १८३६ च्या दर्शनात आले आहे. परलोकातील स्थानाविषयी या पंथाने दिलेली ही सर्वांत निःसंदिग्ध ग्वाही होय.

कृपा आणि कर्तव्य यांचा संबंध हा येथे कायम चर्चेचा विषय राहिला आहे. मॉर्मनच्या पुस्तकातील ‘दुसरा नेफी’ या विभागात, आपल्याकडून होईल तेवढे सर्व केल्यानंतर कृपेने तारण होते, अशा आशयाचे एक वचन आहे. त्यातील ‘केल्यानंतर’ हा शब्द अनेक श्रद्धाळूंना जाचक वाटतो. कारण आपण सर्व काही केले, असे प्रामाणिकपणे कोण म्हणू शकेल?

खात्रीचे स्तर

या परंपरेत खात्रीचे साधारणपणे तीन स्तर मानता येतात.

पहिला स्तर पवित्र आत्म्याच्या साक्षीचा. आपण योग्य मार्गावर आहोत, आपल्या पापांची क्षमा झाली आहे, असा अंतरीचा अनुभव कोणत्याही श्रद्धाळूला येऊ शकतो. ‘श्रद्धेवरील व्याख्याने’ या नावाने ओळखली जाणारी सात व्याख्याने १८३५ च्या ‘सिद्धांत आणि करार’ आवृत्तीत समाविष्ट होती. ती १९२१ मध्ये वगळण्यात आली. आपला जीवनक्रम देवाला मान्य आहे याचे ज्ञान असल्यावाचून श्रद्धा टिकत नाही, आणि हे ज्ञान ऐहिक सर्वस्वाचा त्याग करण्याच्या तयारीतून येते, असे त्यांत प्रतिपादन केले आहे.

दुसरा स्तर वचनाच्या पवित्र आत्म्याने केलेल्या मोहरेचा. इफिसकरांस पत्रातून आलेल्या या संज्ञेला मॉर्मन विचारात विशेष अर्थ आहे. बाप्तिस्मा असो वा विवाह, कोणताही विधी केवळ झाला म्हणून परलोकात वैध ठरत नाही. विधी करून घेणारी व्यक्ती खरोखर निष्ठावान असेल तर पवित्र आत्मा त्यावर मान्यतेची मोहर उमटवतो. म्हणून मंदिरातील विधी परमोन्नतीचे वचन देतात, तरी ते वचन सशर्त असते.

तिसरा आणि सर्वोच्च स्तर म्हणजे ‘पाचारण व निवड दृढ होणे’. हे शब्द पेत्राच्या दुसऱ्या पत्राच्या पहिल्या अध्यायातील आहेत. त्याच अध्यायात पुढे संदेशवचन अधिक दृढ होण्याचा उल्लेख येतो. मे १८४३ मध्ये इलिनॉय राज्यातील रेमस या वसाहतीत बोलताना जोसेफ स्मिथ यांनी त्याचा अर्थ सांगितला. याजकपदाच्या सामर्थ्याने आपण सार्वकालिक जीवनासाठी मोहरबंद झालो आहोत, हे माणसाला प्रकटीकरणाद्वारे कळणे, असा तो अर्थ होय. ही व्याख्या ‘सिद्धांत आणि करार’ १३१ मध्ये आहे. या प्रकरणाचा आधार विल्यम क्लेटन यांची रोजनिशी हा आहे. त्याच प्रसंगी स्मिथ यांनी क्लेटन यांना, अक्षम्य पापाखेरीज कोणतीही गोष्ट तुम्हाला सार्वकालिक जीवनापासून वंचित करू शकणार नाही, असे सांगितल्याची नोंदही त्या रोजनिशीत आहे. मॉर्मनच्या पुस्तकात ‘मोसाया’ या विभागात आल्मा या संदेष्ट्याला देवाकडून असेच वचन मिळाल्याचा प्रसंग येतो.

इतिहास

जोसेफ स्मिथ ज्या पश्चिम न्यू यॉर्कमध्ये वाढले, तेथे एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी धार्मिक पुनरुज्जीवनाची मोठी लाट आली होती. तारण कोणाचे होते आणि ते कसे कळते, हा तेथील सार्वजनिक वादाचा विषय होता. प्रेस्बिटेरियन पंथीय देवाच्या निवडीवर भर देत, मेथडिस्ट पंथीय अंतःकरणातील अनुभवावर भर देत, तर विश्वतारणवादी शेवटी सर्वांचेच तारण होईल असे म्हणत. स्मिथ यांच्या घरातही हे मतभेद होते. आजोबा एसेल स्मिथ विश्वतारणवादाकडे झुकलेले, तर आई लूसी काही काळ प्रेस्बिटेरियन होती. तीन तेजोलोकांच्या शिकवणुकीत या वादाचा पडसाद अभ्यासकांना दिसतो.

१८३१ च्या ऑक्टोबर महिन्यात ओहायोतील एका परिषदेत स्मिथ यांनी, उच्च याजकांना संतजनांना सार्वकालिक जीवनासाठी मोहरबंद करण्याचा अधिकार आहे, असे सांगितले. ३ एप्रिल १८३६ रोजी कर्टलंड येथील मंदिरात एलीया संदेष्ट्याने दर्शन देऊन मोहरबंधनाच्या किल्ल्या सोपविल्या, अशी या चर्चची श्रद्धा आहे. ४ मे १८४२ रोजी नॉव्हू येथे स्मिथ यांच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर प्रदानविधी प्रथम झाला. अशा रीतीने जी खात्री आरंभी प्रवचनातून आणि प्रकटीकरणातून मिळत होती, ती हळूहळू विधींशी जोडली गेली.

द्वितीय अभिषेक

या विकासाचे टोक म्हणजे द्वितीय अभिषेक हा विधी होय. प्रदानविधीत पुढे राजे व राण्या, याजक व याजिका होण्याची आशा दिली जाते. द्वितीय अभिषेकात ते पद पतिपत्नींना प्रत्यक्ष बहाल केले जाते, असे मानतात. २८ सप्टेंबर १८४३ रोजी जोसेफ व एमा स्मिथ यांना हा अभिषेक प्रथम झाला. २७ जून १८४४ रोजी कार्थेजच्या तुरुंगात स्मिथ यांची हत्या झाली. त्यानंतर ब्रिगम यंग यांच्या नेतृत्वाखाली १८४६ च्या आरंभी नॉव्हू मंदिरात आणखी जोडप्यांना अभिषेक करण्यात आले. यूटामध्ये स्थलांतर झाल्यावर सुमारे दोन दशके हा विधी थांबला होता. १८६६ च्या अखेरीस तो पुन्हा सुरू झाला. विसाव्या शतकात, विशेषतः हिबर ग्रँट यांच्या अध्यक्षपदाच्या काळात, त्याचे प्रमाण झपाट्याने घटले.

इतिहासकार डेव्हिड जॉन बर्गर यांनी १९८३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या लेखामुळे या विधीचा इतिहास अभ्यासकांसमोर आला. चर्च स्वतः त्याविषयी जाहीरपणे बोलत नाही. शिक्षकांसाठीच्या तिच्या एका मार्गदर्शिकेत या विषयावर चर्चा करू नये, अशी सूचना आहे. अनेक सामान्य सदस्यांना हा विधी ठाऊकही नसतो. पाचारण व निवड दृढ होण्यासाठी हा विधी अनिवार्य आहे की थेट प्रकटीकरण पुरेसे आहे, याविषयी भाष्यकारांत एकमत नाही.

अभिषिक्त व्यक्तीने पुढे पाप केले तर काय, हा प्रश्न साहजिकच उद्भवतो. ‘सिद्धांत आणि करार’ १३२ नुसार निरपराध्याचा रक्तपात आणि पवित्र आत्म्याविरुद्धचे पाप यांखेरीज इतर पापांमुळे परमोन्नती कायमची हिरावली जात नाही. मात्र त्यांची कठोर शिक्षा भोगावी लागते. या वचनाचा गैरअर्थ लावला जातो, असे सांगून जोसेफ फील्डिंग स्मिथ यांनी अशा व्यक्तीलाही पश्चात्ताप अटळ आहे यावर भर दिला.

हमीचा वापर आणि वंचितांचा प्रश्न

परलोकाची हमी देण्याचा अधिकार माणसाच्या हाती येतो तेव्हा त्याचे परिणाम इहलोकातही होतात. नॉव्हू येथे बहुपत्नीत्वाची प्रथा गुप्तपणे सुरू झाली तेव्हा हेलन मार किंबॉल हिचे मोहरबंधन वयाची १५ वर्षे पूर्ण होण्यापूर्वीच जोसेफ स्मिथ यांच्याशी झाले. या संबंधामुळे तिचे आणि तिच्या आप्तांचे तारण व परमोन्नती निश्चित होईल, असे तिला सांगण्यात आल्याचे तिने उत्तरायुष्यात लिहून ठेवले. तिच्या वयाची वस्तुस्थिती चर्चने २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात मान्य केली आहे. बहुपत्नीत्व बंद करण्याचा जाहीरनामा १८९० मध्ये निघाला.

दुसऱ्या टोकाला, ही हमी मागूनही न मिळालेले लोक होते. आफ्रिकी वंशाच्या सदस्यांना अनेक दशके मंदिरातील प्रदानविधी आणि मोहरबंधन नाकारले जात होते. म्हणजेच परमोन्नतीची वाटच त्यांना बंद होती. नॉव्हूपासून पंथात असलेल्या जेन मॅनिंग जेम्स यांनी या विधींसाठी वारंवार विनंत्या केल्या. १८९४ मध्ये त्यांना जोसेफ स्मिथ यांच्या कुटुंबाशी जोडण्यात आले, पण सेविका म्हणून. आणि तो विधीही त्यांच्या अनुपस्थितीत, प्रतिनिधीमार्फत पार पडला. १९०८ मध्ये त्यांचे निधन झाले, तोवर त्यांची मूळ विनंती मान्य झाली नव्हती. जून १९७८ मधील प्रकटीकरणाने हा वर्णभेद संपुष्टात आला.

अविवाहित सदस्यांचा प्रश्न आजही चर्चिला जातो. निष्ठावान व्यक्तीला या जन्मात विवाहाची संधी मिळाली नाही, तरी ती कोणत्याही आशीर्वादाला मुकणार नाही, असे चर्चचे नेते सांगतात.

आधुनिक दृष्टिकोन

प्रेषित ब्रूस मॅकाँकी यांनी १९७३ मधील आपल्या नव्या करारावरील भाष्याच्या तिसऱ्या खंडात पाचारण व निवड या विषयाचे विस्तृत विवेचन केले. पुढे १९८२ मधील एका भाषणात मात्र त्यांनी वेगळ्या मुद्द्यावर भर दिला. माणूस परिपूर्ण नसला तरी सरळ मार्गावर चालत असताना त्याला मृत्यू आला तर त्याची परमोन्नती निश्चित आहे, असे त्यांनी सांगितले. असाधारण दर्शनापेक्षा रोजच्या वाटचालीत खात्री शोधण्याकडे विचाराचा कल वळल्याचे हे चिन्ह मानता येईल.

परिपूर्णतेच्या अपेक्षेने खचलेल्या सदस्यांसाठी स्टीव्हन रॉबिन्सन यांचे १९९२ मधील ‘बिलीव्हिंग क्राइस्ट’ हे पुस्तक प्रभावी ठरले. सायकलीसाठी पैसे साठवणाऱ्या लहान मुलीचा दृष्टांत त्यात आहे: तिच्याजवळ जे काही नाणी असतील ती ती देते आणि उरलेली सर्व रक्कम वडील भरतात. २०१५ मध्ये डीटर उख्टडॉर्फ यांनी कृपेवरील भाषणात, कृपा विकत घेता येत नाही आणि आज्ञापालन ही कृपेची किंमत नसून प्रेमाची अभिव्यक्ती आहे, अशा आशयाची मांडणी केली.

इतर ख्रिस्ती परंपरांशी तुलना

कॅल्व्हिनच्या परंपरेत देवाने निवडलेला माणूस अखेरपर्यंत टिकतोच, असे मानतात. डॉर्ट येथील १६१८–१९ च्या धर्मसभेने हे मत निश्चित केले. मेथडिस्ट चळवळीचे प्रवर्तक जॉन वेस्ली यांनी २४ मे १७३८ रोजी लंडनमध्ये आलेल्या अनुभवातून पापक्षमेची अंतःसाक्ष महत्त्वाची मानली. तथापि माणूस कृपेपासून ढळू शकतो, असे त्यांचे मत होते. कॅथलिक चर्चच्या ट्रेंट येथील धर्मसभेने १५४७ मध्ये, विशेष प्रकटीकरणाशिवाय कोणालाही आपल्या अंतिम तारणाची पूर्ण खात्री बाळगता येत नाही, असे ठरविले.

मॉर्मन भूमिका या तिन्हींशी काही अंशी जुळते. ढळण्याची शक्यता ती वेस्लीप्रमाणे मान्य करते, आणि विशेष प्रकटीकरणाचा अपवाद ट्रेंटप्रमाणे ठेवते. मात्र कॅथलिक विचारात जो विरळा अपवाद आहे, तो येथे प्रत्येक श्रद्धाळूने इच्छावे असे ध्येय ठरतो, आणि त्याला विधीचे रूपही मिळते. देवासारखे होण्याची कल्पना आणि कुटुंबासह परमोन्नती हे दोन मुद्दे बहुतेक प्रोटेस्टंट पंथांना अमान्य आहेत.

अंत्यदिन संतांच्या परंपरेतही या विषयावर एकवाक्यता नाही. १८६० मध्ये संघटित झालेल्या आणि आता ‘कम्युनिटी ऑफ क्राइस्ट’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या शाखेने नॉव्हू येथील मंदिरविधी स्वीकारलेले नाहीत.

भारतातील संदर्भ

स्कॉटलंडचे धर्मप्रचारक ह्यू फिंडले १८५२ मध्ये मुंबईस आले आणि त्यांनी मुंबई व पुणे येथे कार्य केले. परंतु ते फार काळ टिकले नाही. भारतातील पहिले मंदिर बंगळुरू येथे उभारण्याची घोषणा एप्रिल २०१८ मध्ये झाली आणि डिसेंबर २०२० मध्ये त्याचे भूमिपूजन झाले. मोहरबंधनासारखे विधी केवळ मंदिरातच होत असल्यामुळे, देशात मंदिर नसताना भारतीय सदस्यांना त्यांसाठी परदेशी जावे लागे. परमोन्नतीची वाट मंदिरातून जाते असे मानणाऱ्या पंथात मंदिराचे अंतर ही केवळ प्रवासाची अडचण राहत नाही.